साखर गिरण्या, मॉरिशसमधील
साखर गिरण्या, मॉरिशसमधील : हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर ऊस गाळून साखर तयार करणारे कारखाने. तोडलेल्या उसातील साखरेचा अंश एकदोन दिवसांतच घटू लागतो, त्यामुळे तो साठविता येत नाही आणि फार दूरही नेता येत नाही. उसाचे मोल गिरणीच्या दाराशी ठरते. वसाहतकाळात जमिनीच्या मालकीइतकीच गिरणीची मालकी निर्णायक ठरली, ती या साध्या कारणाने.

डचांनी १६३९ मध्ये या बेटावर ऊस आणला. पण त्यांचे लक्ष मुख्यत्वे अराक या मद्याकडे होते. साखरेचा धंदा फ्रेंच अमदानीत, माए द ला बूर्दोने (कार. १७३५–४६) या गव्हर्नरच्या प्रोत्साहनाने मूळ धरू लागला. व्हिलबाग येथील गिरणी १७४४ मधील. मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर या गिरण्या चालत. बैल, खेचरे किंवा पाणी यांच्या बळावर फिरणाऱ्या रुळांत ऊस पिळला जाई व रस एका ओळीत मांडलेल्या काहिलींमध्ये आटविला जाई. जळण म्हणून वाळलेली चिपाडे वापरीत. ही रीत आपल्याकडील गुऱ्हाळाहून तत्त्वतः वेगळी नव्हती. फरक होता तो गिरणी चालविणाऱ्या माणसाच्या स्थितीत. हंगामात काम रात्रीही चाले आणि थकलेल्या मजुराचा हात रुळांत सापडण्याचे भय नेहमीचे असे.

ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली आणि सर्व शेती उसाकडे वळली. त्या वर्षी सु. ११ हजार टन असलेले उत्पादन १८५० नंतरच्या दशकात एक लाख टनांवर गेले. वाफेची एंजिने आली, तरी तोडणी व वाहतूक माणसाच्याच अंगावर राहिली. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना. मुक्त झालेल्यांना काही मिळाले नाही. त्यांची जागा भारतातील कंत्राटी मजुरांनी घेतली. ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजुरांची तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुई येथे उतरली. त्यानंतर सु. साडेचार लाख मजूर आले. कलकत्ता व मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही ही भरती झाली. रत्नागिरी व लगतच्या भागांतून गेलेल्या मजुरांचे वंशज हाच तेथील मराठी भाषक समाज होय. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘दुहेरी कपात’ कुप्रसिद्ध होती. आदोल्फ द प्लेविट्झ याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये मजुरांचा अर्ज सादर झाला व पुढील वर्षी शाही आयोगाने चौकशी केली.

१८६० च्या सुमारास गिरण्यांची संख्या अडीचशेच्या घरात होती. पुढे निर्वात कढई व केंद्रोत्सारक यंत्रे रूढ झाली. ती छोट्या मळेवाल्याला परवडण्याजोगी नव्हती. १८६४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने ऊस अधिक अंतरावरून वेळेत आणता येऊ लागला; यूरोपातील बीट-साखरेने भावही पाडले. गिरण्या भराभर मिटत गेल्या. त्याच काळात मळेवाल्यांनी हलक्या प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकले आणि पै-पै साठविलेल्या भारतीय मजुरांनी ते घेतले. अशा रीतीने मजूर शेतकरी झाला; मात्र वजनाचा काटा व भाव गिरणीकडेच राहिले.

याचे पर्यवसान १९३७ च्या उठावात झाले. ‘ऊबा’ ही काटक, भरपूर वजन देणारी, पण साखरेचा उतारा कमी असलेली जात छोट्या शेतकऱ्यांना सोयीची होती. गिरण्यांनी तिच्या दरात १५ टक्के कपात जाहीर केली. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथे जमावावर गोळीबार होऊन चार जण ठार झाले. या गिरणीचे मालक भारतीय वंशाचेच होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : हा झगडा केवळ वंशाचा नव्हता. चौकशी आयोगानंतर गिरणीवाले व ऊस-उत्पादक यांच्यातील व्यवहारावर सरकारी नियंत्रण आले.

स्वातंत्र्यानंतर (१९६८) लोमे करारातील साखरविषयक तरतुदीने (१९७५) यूरोपात हमी भाव मिळाला. ती सवलत २००९ मध्ये संपली. आता अवघ्या तीन गिरण्या चालू असून चिपाडापासून वीज तयार करणे हे त्यांच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे. १९९९ मध्ये बंद पडलेल्या बो प्लां येथील गिरणीत साखरेचे संग्रहालय आहे.