ब्राँक्सच्या सरकारी शाळेचे नोबेल मानकरी

अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळा आपल्या कर्तबगार माजी विद्यार्थ्यांचा समारंभपूर्वक गौरव करतात. परंतु न्यूयॉर्कमध्ये १९३८ साली स्थापन झालेल्या ‘ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स’ या सरकारी शाळेइतकी मोठी नावे फारच थोड्या शाळांच्या वाट्याला आली असतील. विद्युतचुंबकीय बल आणि किरणोत्साराच्या काही प्रकारांना कारणीभूत असणारे क्षीण बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपे आहेत, हा सिद्धान्त मांडल्याबद्दल १९७९ साली अब्दुस सलाम यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे दोघेही या शाळेच्या १९५० च्या तुकडीतले वर्गबंधू होते. त्याआधी, १९७२ साली, अतिवाहकतेच्या, म्हणजे अतिशय कमी तापमानाला काही पदार्थांचा विद्युतरोध नाहीसा होण्याच्या, उपपत्तीसाठी लिऑन कूपर यांना हा सन्मान लाभला, तर २०२३ साली स्त्रियांच्या रोजगारावरील संशोधनासाठी क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रवेशपरीक्षेतून निवडलेली मुले मुळातच हुशार असतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ग्लाशो यांचे वडील रशियातून स्थलांतरित झालेले प्लंबर होते आणि अशा घरातल्या मुलाला उत्तम विज्ञानशिक्षण विनाशुल्क मिळाले, याचे श्रेय सरकारी शाळेलाच द्यावे लागते.