'गर्ड' : एका शब्दाचा वेढा

आठवीच्या वर्गांत इंग्रजी शिकवितांना 'गर्ड' हें क्रियापद आलें, कीं मी मुलांना एकच अर्थ लिहून देत असें : 'कंबर कसणें.' एके दिवशीं धड्यांत 'सी-गर्ट' बेटाचा उल्लेख आला आणि एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, समुद्रानें बेटाची कंबर कशी कसली?" वर्ग हंसला. त्याची ती चेष्टा समजून मींही टोमणा मारला व त्याला खालीं बसविलें. घरीं येऊन कोश उघडला, तेव्हां कळलें, कीं उत्तर त्याच्या प्रश्नांतच होतें.

'गर्ड' म्हणजे मुळांत पट्ट्यानें वेढणें. जुन्या इंग्रजींतील 'ग्युर्डन' हें त्याचें मूळ रूप. जर्मन 'ग्यूर्टेन' हें त्याचें भावंड. कमरेची मेखला ती 'गर्डल'. घोड्याचें खोगीर आवळणारा तंग तो 'गर्थ'. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेंतून आला, पण कूळ तेंच. आपल्या मिस्त्रींच्या तोंडीं रुळलेला 'गर्डर'देखील याच घराण्यांतला.

मग कंबर कसण्याचा अर्थ कोठून आला? पश्चिम आशियांत पूर्वीं पायघोळ अंगरखे वापरीत. धांवावयाचें, लढावयाचें किंवा कष्टाचें काम करावयाचें झालें, म्हणजे त्यांचा घोळ उचलून कमरपट्ट्यांत खोंवीत. मिसर देश सोडण्याच्या रात्रीं इस्राएल लोकांनीं कंबर बांधूनच भोजन करावें, अशी आज्ञा बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकांत आहे. 1611 सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलामुळें हा वाक्प्रचार इंग्रजींत दृढ झाला. पदर खोंचून कामास लागणारी आपली गृहिणी तरी दुसरें काय करते?

वेढा मात्र नेहमींच मायेचा नसतो. शत्रूनें नगरास घातलेला वेढाही 'गर्ड'च. एकाच शब्दांत संरक्षण आहे आणि कोंडीही आहे. वेढणारा कोण, यावर अर्थ ठरतो. कुंपण घातलेली जागा दर्शविणारे 'यार्ड' व 'गार्डन' हे शब्द याच मुळाचे, आणि आपलें संस्कृत 'गृह' हेंही त्यांचेंच नातलग, असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे घर ही देखील एक मेखलाच!

आज हा शब्द बोलण्यांत क्वचित् आढळतो. तथापि 1984 सालीं अधिकृत झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रगीतांत, आपली भूमि समुद्रानें वेढलेली आहे हें सांगण्यास 'गर्ट' हेंच रूप योजिलें आहे. हा शब्द कळत नाहीं, अशी थट्टा तेथील लोक स्वतःच करितात. आपल्याला तो अवघड वाटूं नये; कारण संस्कृत कवींनीं पृथ्वीला 'सागरमेखला' म्हटलेंच आहे. समुद्र हा भूमीचा कमरपट्टा! त्या मुलाला नेमकें हेंच दिसलें होतें.

जातां जातां एक सांगतों. कोशांत आणखी एक 'गर्ड' आहे. त्याचें वळण तेंच, पण तो शब्द वेगळा. अर्थ, टोमणा मारणें. पहिला 'गर्ड' मी त्या दिवशीं वर्गास नीट शिकविला नाहीं. दुसरा मात्र कृतीनें शिकविला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन मीं चूक कबूल केली आणि तो प्रश्न त्या मुलाकडून पुन्हां विचारवून घेतला. या वेळीं कोणी हंसलें नाहीं.