गालिच्याखालची जमीन

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे महिना-दोन महिने राहून आलेल्या मंडळींना तेथील घरांची एक गोष्ट चमत्कारिक वाटते. ती म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कडेने खिळ्यांवर ताणून बसविलेला गालिचा. आपल्याकडे सतरंजी असो, जाजम असो की भदोहीचा उंची गालिचा असो, तो प्रसंगाने अंथरावा, काम झाले की झटकून उन्हात टाकावा आणि गुंडाळून ठेवावा अशी रीत आहे. तेथील गालिचा एकदा बसला की वर्षानुवर्षे उचलला जात नाही. त्याच्या पोटात काय साठले आहे आणि त्याखाली काय दडले आहे, हे घरमालकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेल्या अनेक घरांत त्याखाली ओकच्या लाकडाची अस्सल जमीन असते.

अशी मौल्यवान जमीन कोणी झाकून का ठेवावी, हा प्रश्न व्यापारी घरातल्या माणसाला सहज पडेल. त्याचे उत्तरही बरेचसे व्यापारातच आहे. जॉर्जिया राज्यातील डाल्टन या गावी कॅथरिन इव्हान्स नावाच्या तरुणीने १८९५ मध्ये जाड दोऱ्याचे झुबके ओवून हाताने एक चादर तयार केली. १९०० मध्ये तिने अशी एक चादर अडीच डॉलरला विकली आणि त्या पंचक्रोशीत घरोघर हा उद्योग सुरू झाला. पुढे हाताच्या सुईची जागा यंत्राने घेतली, चादरीच्या जागी गालिचा आला, सुताऐवजी नायलॉन आले आणि डाल्टन ही गालिच्यांची राजधानी ठरली. या गालिच्यांच्या पाठीला कित्येक वर्षे बंगालचा ताग लावलेला असे. विणलेल्या गालिच्याच्या मानाने हा माल फारच स्वस्त पडला. १९६० च्या दशकात गृहकर्जाचे नियमही त्याला अनुकूल झाले. साध्या प्लायवूडवर अंथरलेला गालिचा हीच पूर्ण जमीन मानून त्याची किंमत तीस वर्षांच्या कर्जात धरता येऊ लागली. जी वस्तू दहा-पंधरा वर्षांत झिजायची, तिचे हप्ते तीस वर्षे फेडायचे, हा हिशेब हातात पेन्सिल घेतलेल्या कोणालाही खटकावा. पण गालिचा ऊबदार, मऊ आणि काळाच्या पसंतीचा होता. नव्या घरांतून ओक हद्दपार झाला आणि जुन्या घरांतला ओक झाकला गेला.

त्यावर पाळीव प्राणी आले. कुत्रा म्हातारा झाला की त्याला आवरत नाही. मांजराचे एखाद्या कोपऱ्याशी सूत जमले की ते तेथेच जाते. गालिच्यावर दिसणारा डाग बशीएवढा असेल, तर खालच्या फोमच्या थरात तो परातीएवढा पसरलेला असतो. घरमालक वरून साबणाचे पाणी फिरवितो, वाफेचे यंत्र लावितो, सुगंधी फवारा मारितो. वरचे तंतू स्वच्छ होतात. त्या पाण्याने खालचा थर मात्र पुन्हा ओला होऊन डाग आणखी पसरतो. मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. कोरड्या दिवसांत ते निपचित पडून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सुटतो. म्हणून हिवाळ्यात पाहिलेले घर पसंत पडते आणि जुलै महिन्यात त्याच घरात बसवत नाही.

लाकडावर काय होते, ते समजून घेतल्याखेरीज पुढचा खर्च ठरविता येत नाही. मूत्रातील युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो. ओकच्या लाकडात टॅनिन असते. अमोनिया त्याला लागला की लाकूड काळवंडते. मौज अशी की विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव्ह स्टिक्लीसारखे नामांकित अमेरिकन कारागीर ओकचे फर्निचर बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत मुद्दाम ठेवीत आणि त्या गडद रंगाला गिऱ्हाईक चांगली किंमत देई. कुत्र्याने केलेल्या कामाला ती किंमत येत नाही, कारण ते एकसारखे नसते आणि सोबत वास असतो. दुसऱ्या जातीचा डाग लोखंडाचा. गंजलेल्या खिळ्यातले लोखंड ओलाव्यासोबत टॅनिनला भेटले की निळसर काळा ठिपका उमटतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई किंवा काळा रंग करणाऱ्या जुन्या पिढीला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हा भेद केवळ माहितीपुरता नाही, त्यावर पैसा अवलंबून असतो. लोखंडाचा ठिपका ऑक्झॅलिक आम्लाने बराचसा निघतो. मूत्राच्या डागावर ते आम्ल फारसे चालत नाही. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात आणि तेही उथळ डागालाच उपयोगी पडते. या दोन द्रव्यांचे एकत्र मिश्रण कधीही करू नये. पट्टी आरपार काळी झाली असेल, हाताला मऊ किंवा वाकलेली लागत असेल, तर कोणत्याही रसायनावर पैसे घालण्यात अर्थ नाही. ती पट्टी काढून नवी बसवावी हेच बरे.

न्यू जर्सीतील एडिसनच्या परिसरात घर शोधणाऱ्या, मूळच्या अहिल्यानगरच्या कापडव्यापारी घराण्यातील एका दांपत्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. घर १९४९ चे, जागा चांगली, शाळा जवळ; पण बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच कुत्र्यांचा उग्र वास. पुढच्या काही महिन्यांत त्यांचे मूल रांगू लागणार होते, त्यामुळे सूनबाईंचा स्पष्ट नकार होता. घराची पाहणी करणारा तज्ज्ञ छप्पर पाहतो, नळ पाहतो, विजेची जोडणी पाहतो. दुसऱ्याच्या घरातला गालिचा उचलून पाहणे हे साधारणपणे त्याच्या कामात बसत नाही. त्यामुळे ही खरेदी डोळे झाकून होणार होती, किंवा व्हायचीच नव्हती. अहिल्यानगरहून सासऱ्यांनी फोनवर एवढेच विचारले की, गाठोडे सोडून पाहिल्याशिवाय आपण कधी माल परत केला आहे का?

त्यावर मुलाने घरमालकाची रीतसर परवानगी मागितली. अमेरिकन घरांत गरम हवेच्या नळीचे तोंड जमिनीतच असते व त्यावर लोखंडी जाळी असते. ती जाळी उचलली की जमिनीचे सगळे थर कापलेल्या केकसारखे दिसतात. तेथे पाऊण इंच जाडीचा ओक दिसला. नंतर कपडे ठेवण्याच्या लहान खोलीतील गालिच्याचा कोपरा पकडीने हलकेच उचलला. तेथे सव्वादोन इंची पट्ट्या शेजारी शेजारी, जिभेत खाच घट्ट बसलेल्या, जवळजवळ नव्यासारख्या होत्या. संध्याकाळी खोली अंधारी करून अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी फिरविली. वाळलेले मूत्र त्या प्रकाशात फिकट पिवळसर चमकते. तीन मोठी ठिकाणे निघाली आणि बाकीची जमीन निर्दोष दिसली. भीतीचे असे मोजमाप झाल्यावर बोलणी वेगळ्या पायावर सुरू झाली. पट्ट्या बदलणे, घासणे व पॉलिश यांचा अंदाज एका सुताराकडून लेखी घेतला आणि ती रक्कम घराच्या किमतीतून वजा करून मागितली. घरमालकाने थोडी घासाघीस करून ती मान्य केली. वासाच्या धाकाने आणखी किंमत पाडता आली असती, असे काही मित्रांनी नंतर सुचविले. पण समोरचा म्हातारा एकटा होता, दोन्ही कुत्री गेलेली होती, आणि ज्याचा हिशेब मांडता येतो त्याहून अधिक मागू नये, असे दांपत्याने ठरविले होते.

गालिचा काढण्याचे काम अवघड नाही, मात्र अंगमेहनतीचे व घाणेरडे आहे. त्याआधी एक खात्री करावी लागते. त्या काळच्या घरांत नऊ इंची चौकोनी फरश्या किंवा त्यांच्याखालचा काळा डिंक आढळला, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा मोठा संभव असतो. अशी वस्तू खरवडू किंवा घासू नये, आधी तपासून घ्यावी. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, त्याचीही परीक्षा करावी. लहान मुलाला व गरोदर स्त्रीला या दिवसांत त्या घरापासून दूर ठेवणे, हे सांगण्याची गरज पडू नये.

मग तोंडाला चांगला मास्क, हातात जाड मोजे. गालिचा उलट बाजूने धारदार पात्याने दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यांत कापून गुंडाळावा. अखंड उचलू गेल्यास दोन माणसांनाही आवरत नाही. खालचा फोमचा थर जुना असेल तर त्याची पावडर होऊन तो लाकडाला चिकटलेला असतो आणि असंख्य बारीक पिना मागे राहतात. एकेक पीन पकडीने उपटण्यातच सगळा दिवस जातो. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या असतात. त्यांची टोके वर व भिंतीकडे झुकलेली असतात, म्हणून लहान पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवून त्या उचकटाव्या, म्हणजे ओकला खोच पडत नाही. त्या खिळ्यांची भोके कडेने राहतात. रंगीत लांबी भरली की ती शोधावी लागतात.

जमीन उघडी पडल्यावर लगेच कोणताही निर्णय घेऊ नये. खिडक्या उघड्या टाकून चार-सहा दिवस जाऊ द्यावेत. वासाचा मोठा हिस्सा गालिच्यासोबतच बाहेर गेलेला असतो, आणि उरलेला नेमका कोणत्या पट्ट्यांतून येतो ते तेव्हा कळते. वरील घरात चौदा पट्ट्या बदलाव्या लागल्या. सुताराने खराब पट्टी मधून लांबीत चिरून काढली, नव्या पट्टीच्या खाचेचा खालचा ओठ छाटला आणि ती वरून आत बसविली. नवे लाकूड जुन्याशेजारी परके दिसते. म्हणून त्याने कपड्यांच्या लहान खोलीतल्या जुन्या पट्ट्या काढून बैठकीत बसविल्या आणि नव्या त्या खोलीत, जेथे कोणाची नजर जात नाही. ही युक्ती सांगणारा सुतार मिळाला तर त्याची मजुरी जरा अधिक असली तरी तो परवडतो.

घासण्याच्या यंत्राविषयी एवढेच की जाड कागदाने आरंभ करून बारीक कागदाकडे जावे, आणि यंत्र एका जागी थांबू देऊ नये, नाही तर खळगा पडतो. जिभेच्या वर साधारण पाव इंच लाकूड असते. प्रत्येक वेळी घासताना त्यातले थोडे खर्च होते. जाळीच्या तोंडाशी किती शिल्लक आहे ते आधी पाहून घ्यावे. लाकडाच्या बारीक भुश्याची पिशवी रात्री घरात ठेवू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो.

येथे आपल्या घरांपुरता एक मुद्दा येतो. लाकडात मुरलेला उरलासुरला वास कोंडून ठेवण्यासाठी तेथील कारागीर डोळे मिटून शेलॅक सुचवितात, आणि त्या कामी ते खरोखर उत्तम आहे. शेलॅक म्हणजे आपला चपडा. तो लाखेच्या कीटकांपासून मिळतो आणि ती लाख गोळा करताना, शुद्ध करताना असंख्य कीटक मरतात. काही मेणाच्या पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते. डब्यावरील मजकूर वाचल्याखेरीज हे कळत नाही. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी पाण्यावर आधारलेले पॉलियुरेथेन आहे. मात्र वास अडविण्यात ते चपड्याच्या तोडीचे नाही, हे आधीच धरून चालावे लागते. म्हणजे संशयित पट्ट्या झाकण्याऐवजी काढून टाकाव्या लागतात आणि खालच्या फळ्याही तपासाव्या लागतात. वरील दांपत्याने हेच केले. चौदांपैकी पाच पट्ट्या केवळ या कारणासाठी गेल्या. हा जादा खर्च मात्र सुताराच्या पहिल्या अंदाजात धरलेला नव्हता; तो त्यांनी स्वतः सोसला.

तिसऱ्या ठिकाणचा, खिडकीखालचा डाग घासून फिका झाला, पण गेला नाही. त्याला वास नव्हता आणि लाकूड टणक होते, म्हणून तो तसाच ठेवला. पाण्यावरील पॉलिशचे तीन हात दिले. दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता आले, तीन दिवसांनी खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवून सामान आत घेतले. सतरंजी अंथरण्यासाठी मात्र दोन आठवडे थांबावे लागते. तेलावर आधारलेले पॉलिश असेल तर महिनाभर.