चाहत्यांचं राज्य (भाग ७) : शिरस्त्राणाखालचा चेहरा

२८ नोव्हेंबर २०१४. 'स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स'चा पहिला टीझर आला, जेमतेम दीड मिनिटाचा. ओसाड वाळवंट दिसतं, काही क्षण काहीच घडत नाही आणि मग पडद्याच्या खालच्या कडेतून एक घामेजलेला, भेदरलेला चेहरा एकदम वर येतो. अंगावर स्टॉर्मट्रूपरचं पांढरं चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण नाही. हा जॉन बॉयेगा, लंडनच्या पेकहॅम भागात वाढलेला, नायजेरियन आईवडिलांचा मुलगा. डिस्नेने ल्युकासफिल्म विकत घेतल्यानंतरचा हा पहिला 'स्टार वॉर्स' चित्रपट, त्यामुळे जगभरचे चाहते डोळ्यांत तेल घालून एकेक चौकट तपासत होते. काही तासांतच इंटरनेटवर सवाल सुरू झाला : स्टॉर्मट्रूपर काळा कसा असेल?

गेल्या भागात आपण पत्रं लिहून 'स्टार ट्रेक' मालिका वाचवणारे १९६८ सालचे चाहते पाहिले. त्यांच्याच जातकुळीतली माणसं इथेही होती. तपशिलावर जीव टाकणारी, कुठल्या यानाला किती इंजिनं हे पाठ असणारी. त्यामुळे 'काळा नको' असं उघड म्हणणारे थोडे होते. बहुतेकांनी कथेतला पुरावा पुढे केला. २००२ सालच्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये दाखवलं होतं की हे पांढरे सैनिक म्हणजे जँगो फेट नावाच्या एकाच भाडोत्री शिकाऱ्याच्या हुबेहूब प्रती आहेत. एका माणसाच्या लाखो प्रती असतील तर वेगळा चेहरा येईलच कुठून?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. फक्त ज्याच्या प्रती काढल्या तो जँगो फेट साकारला होता टेमुएरा मॉरिसनने, आणि मॉरिसन न्यूझीलंडचा माओरी. म्हणजे पुरावा शब्दशः मानायचा तर प्रत्येक शिरस्त्राणाखाली सावळाच चेहरा हवा, आणि गोऱ्या स्टॉर्मट्रूपरवर हरकत घ्यायला हवी. शिवाय नव्या चित्रपटातले सैनिक क्लोन नाहीतच. लहानपणी घरातून उचलून आणलेली, नावाऐवजी क्रमांक देऊन लढायला तयार केलेली ती मुलं आहेत. बॉयेगाच्या फिनची सगळी गोष्टच त्यावर उभी आहे.

कथेशी इमान राखा, ही मागणी मला हास्यास्पद वाटत नाही. चाहत्याचा तो हक्क आहे आणि त्यातच त्याचा आनंद आहे. पण पुरावा उलटला तरी तक्रार तशीच राहत असेल, तर मुळात ती कथेबद्दल नव्हतीच. ऑक्टोबर २०१५मध्ये ट्विटरवर बहिष्काराचा हॅशटॅग फिरला तेव्हा क्लोनबिन मागे पडले होते. गंमत म्हणजे तो हॅशटॅग वर चढला तो मुख्यतः त्यावर संतापलेल्यांमुळे. मूठभर खोडसाळांनी काडी टाकली आणि निषेध करणाऱ्यांनी वारा घातला. डिसेंबरमध्ये चित्रपट आला आणि त्याने जगभरात दोन अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला.

खरी झळ बसली ती केली मेरी ट्रॅनला. व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांची ही मुलगी २०१७च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये रोझ टिको झाली. या मालिकेत इतकी मोठी भूमिका मिळालेली ती पहिलीच गौरेतर स्त्री. तिच्या वंशावरून, अंगकाठीवरून इतकं गलिच्छ लिहिलं गेलं की जून २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. पुढे ऑगस्टमध्ये तिने 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. त्यातली सर्वांत बोचरी कबुली अशी की त्या शिव्यांवर तिचा विश्वास बसू लागला होता, कारण गोरी नसलेली मुलगी म्हणून मोठी होताना ती तेच ऐकत आली होती.

इथे एक गुंता सोडवायला हवा. 'द लास्ट जेडाय' न आवडण्याची साधी कारणंही होती. कॅसिनोचं उपकथानक मलाही लांबलेलं वाटतं, आणि म्हाताऱ्या ल्यूक स्कायवॉकरचा हताशपणा अनेकांना पचला नाही. त्यात वंशद्वेष शोधण्याचं कारण नाही. मॉर्टन बे या अभ्यासकाने दिग्दर्शक रायन जॉन्सनला उद्देशून केलेली सुमारे हजारभर ट्वीट तपासली. चित्रपटावर राग काढणारे साधारण पाचात एक निघाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक बॉट, ट्रोल किंवा राजकीय हेतूने आलेले असावेत, असा निष्कर्ष त्याने २०१८मध्ये मांडला. नमुना छोटाच, पण 'चाहते खवळले' असं सरसकट लिहिणाऱ्या बातम्यांकडे सावधपणे पाहायला तेवढा पुरे.

या भांडणात तिसरा पक्ष, म्हणजे स्टुडिओ, मात्र नेहमी नामानिराळा राहतो. २०१५मध्ये चीनसाठी जे पोस्टर निघालं त्यात बॉयेगा आकसून कोपऱ्यात गेला होता. चुबाका हे जुनं पात्र तर गायबच. तिकडे कोणी चाहता हट्ट धरून बसला नव्हता, हा विक्रीखात्याचा हिशोब होता. २०१९च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये १४२ मिनिटांपैकी रोझच्या वाट्याला उणंपुरं सव्वा मिनिट आलं. दिवंगत अभिनेत्री कॅरी फिशरच्या जुन्या चित्रणाशी जोडलेले रोझचे काही प्रसंग तंत्रात बसले नाहीत, असं पटकथाकार क्रिस टेरिओ यांनी सांगितलं. असेलही. पण ट्रॅनला हुसकावू पाहणाऱ्यांना तो आपला विजय वाटला, आणि तसा वाटू नये म्हणून स्टुडिओने काहीच केलं नव्हतं.

फिनचंही तेच. पहिल्या चित्रपटाच्या पोस्टरवर निळी लाइटसेबर त्याच्या हातात होती. तिसऱ्या चित्रपटापर्यंत त्याच्या पात्राला धड दिशा उरली नाही. सप्टेंबर २०२०मध्ये 'जीक्यू' मासिकाच्या मुलाखतीत बॉयेगाने डिस्नेला स्पष्टच सुनावलं : काळ्या पात्राला जाहिरातीत फार महत्त्वाचं म्हणून मिरवायचं आणि मग बाजूला सारायचं, हे बरोबर नाही. माझ्या मते या सगळ्या वादातलं सर्वांत नेमकं बोलणं हेच. विविधता पोस्टरवर स्वस्तात येते. पटकथेत आणायची तर प्रसंग लिहावे लागतात.

२०२२पर्यंत कंपनी थोडी शिकली. 'ओबी-वान केनोबी' मालिकेत मोझेस इंग्रम ही काळी अभिनेत्री रेवा झाली, तेव्हा द्वेषाचा मारा होईल अशी सूचना ल्युकासफिल्मने तिला आधीच दिली होती. मारा झालाच. या वेळी 'स्टार वॉर्स'च्या अधिकृत खात्यावरून उत्तर गेलं : आमच्या आकाशगंगेत दोन कोटींहून अधिक बुद्धिमान जाती आहेत, तुम्ही वंशद्वेष्टे होणं निवडू नका. मालिकेचा नायक युअन मॅकग्रेगरनेही चित्रफितीतून तिची बाजू घेतली. एवढं तरी २०१८मध्ये ट्रॅनसाठी व्हायला हवं होतं.

या भागात कथेशी इमान राखण्याचा युक्तिवाद गौरेतर नटांविरुद्ध वापरलेला दिसला. तोच युक्तिवाद नेमक्या उलट्या बाजूने वापरणारे चाहतेही होऊन गेलेत. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही आशियाई धाटणीची कार्टून मालिका चित्रपटात आली तेव्हा नायक गोरे झाले आणि प्रमुख विरोधक झाला देव पटेल. दिग्दर्शक होते माहेत जन्मलेले एम. नाइट श्यामलन. चित्रपट आला २०१०मध्ये, पण चाहत्यांनी आक्षेप नटांची नावं कळताच, म्हणजे २००८च्या अखेरीसच, नोंदवला होता. पॅरामाउंट स्टुडिओने तो का मनावर घेतला नाही, ते पुढच्या आठवड्यात.