तीन चाकांवरचा भार: स्प्रिंग, शॉकअप आणि समतोल

देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असलेल्या भिवंडीत माणसांची आणि मालाची बरीचशी ने-आण तीन चाकांवर होते. दिवा–वसई मार्गावरील भिवंडी रोड स्थानकातून सुटणाऱ्या गाड्या मोजक्या असल्यामुळे कल्याण आणि ठाण्याकडे जाणाऱ्या प्रवाशांना रिक्षाचा आधार घ्यावा लागतो. सुताचे कोन, कापडाचे तागे आणि काल्हेर, पूर्णा, मानकोली परिसरातील गोदामांचा किरकोळ माल मालवाहू तीनचाकींतून फिरतो. या वाहनांवर पडणारा भार अनेकदा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो आणि पावसाळ्यात खड्डे वाढले की मागचा भाग खाली बसणे, शॉकअप गळणे, स्प्रिंग तुटणे अशा तक्रारी गॅरेजमध्ये वाढतात. त्यावर ‘स्प्रिंग कडक करून घेणे’ हा उपाय सर्रास केला जातो. तो कितपत योग्य आहे, हे समजण्यासाठी निलंबन-व्यवस्थेमागील, म्हणजे सस्पेन्शनमागील, भौतिकशास्त्र पाहणे आवश्यक आहे.

आजची रिक्षा मूळच्या स्कूटरची वंशज आहे. इटलीतील पियाज्जिओ कंपनीने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ स्कूटर आणि १९४८ मध्ये तिच्याच धर्तीवर ‘आपे’ हे तीनचाकी वाहन बाजारात आणले. पुढे त्याच परंपरेतील वाहने पुण्याजवळच्या आकुर्डीत आणि नंतर बारामतीत तयार होऊ लागली. पुढे हँडलला जोडलेले एकच चाक आणि मागे दोन चाके ही रचना तेव्हापासून टिकून आहे. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा असते. तिचे पुढचे टोक सांगाड्याला बिजागरीसारखे जोडलेले असते आणि तिच्यावर स्प्रिंग किंवा रबरी ठोकळा व तेल भरलेला शॉकअप टेकलेला असतो.

स्प्रिंगचे गणित

स्प्रिंगवर जितका भार द्यावा तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. ठरावीक अंतर दाबण्यासाठी लागणाऱ्या बलाला स्प्रिंगची ताठरता म्हणतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये ही ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १० मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटर जाडीची तार वापरली आणि बाकी मापे तीच ठेवली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. वेटोळी कमी केली तरीही ताठरता वाढते. दहा कार्यक्षम वेटोळ्यांतील दोन कापून टाकल्यास ती २५ टक्क्यांनी वाढते, पण स्प्रिंगची लांबी घटल्यामुळे चाकाला वर-खाली हलण्यासाठी असलेली जागाही कमी होते आणि जास्त भाराखाली गाडी लवकर ठोकते. स्प्रिंगखाली चकती घालून तिला आधीच दाबून बसवल्यास गाडीची उंची वाढते, मात्र सरळ स्प्रिंगची ताठरता तीच राहते. उंच झालेली गाडी मजबूत झाली, असा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

भुजेवर स्प्रिंग कोठे टेकते यालाही तितकेच महत्त्व आहे. बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ०.६ पटीवर असलेली स्प्रिंग ०.७ पटीवर सरकवली, तर चाकाजवळ जाणवणारी ताठरता अंतराच्या वर्गानुसार बदलून सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. दुसऱ्या गाडीचा शॉकअप नव्या कंसावर बसवताना हा हिशेब झाला नाही, तर परिणाम अपेक्षेपेक्षा फार वेगळा होऊ शकतो.

आराम आणि अवमंदन

स्प्रिंगवर तोललेले वस्तुमान एका ठरावीक वारंवारतेने वर-खाली हेलकावते. स्थिर भाराखाली स्प्रिंग चाकापाशी १० सेंटिमीटर दबत असेल, तर ही वारंवारता सेकंदाला सुमारे १.६ आवर्तने असते. ५ सेंटिमीटरच दबत असेल तर ती २.२ होते आणि अडीच सेंटिमीटरला ३.२ पर्यंत जाते. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, म्हणून स्प्रिंग जितकी कडक करावी तितके हेलकावे या त्रासदायक पट्ट्याच्या जवळ सरकतात. रिकाम्या रिक्षाचे वजन साधारण साडेतीनशे ते चारशे किलोच्या आसपास असते आणि चालकासह चार प्रौढ बसले की त्यात जवळपास पावणेतीनशे किलोंची भर पडते. भाराचा इतका मोठा फरक सांभाळणे कठीण असल्यामुळे भरलेल्या गाडीसाठी निवडलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला उसळवते, तर रिकाम्या गाडीसाठी निवडलेली मऊ स्प्रिंग भरल्यावर तळाशी ठोकते. जसजशी दाबावी तसतशी अधिक ताठ होणारी, म्हणजे वेटोळ्यांमधील अंतर बदलते ठेवलेली स्प्रिंग, तसेच रबरी ठोकळा, यांचा उपयोग हा पेच सोडवण्यासाठी होतो.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून हेलकावे शमवण्याचे काम शॉकअप करतो. या शमनाला अवमंदन म्हणतात. भार आणि ताठरता दोन्ही दीडपट झाली आणि शॉकअप जुनाच राहिला, तर वारंवारता तीच राहते, परंतु अवमंदनाचे गुणोत्तर एक-तृतीयांशाने घटते. परिणामी खड्ड्यानंतर गाडी अधिक वेळ डोलत राहते आणि चाके रस्त्यावरून सुटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच स्प्रिंगबरोबर तिला अनुरूप शॉकअपही बदलला पाहिजे, विशेषतः परतीच्या, म्हणजे लांब होण्याच्या, हालचालीला पुरेसा रोध देणारा.

आधाराचा त्रिकोण

तीनचाकी वाहनाचा सर्वात नाजूक प्रश्न उलटण्याचा आहे. तिन्ही चाके रस्त्यावर जेथे टेकतात त्या बिंदूंचा त्रिकोण हा गाडीचा आधार असतो आणि तो पुढे निमुळता होत जातो. उदाहरणादाखल मागच्या चाकांमधील अंतर १.१५ मीटर, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १.४ मीटर मागे धरला, तर त्या ठिकाणी बाजूला मिळणारा आधार केवळ ४० सेंटिमीटर असतो. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीला तो साडेसत्तावन्न सेंटिमीटर मिळाला असता. वळणावर किती बाजूचा जोर सहन होईल हे या आधाराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून मिळते, त्यामुळे ६० सेंटिमीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य उंच स्प्रिंगांमुळे ५ सेंटिमीटर वर गेला, तर उलटण्याविरुद्धची क्षमता जवळपास ८ टक्क्यांनी घटते. चालकाच्या शेजारी पुढे प्रवासी बसवल्यास गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे सरकतो आणि हीच क्षमता आणखी कमी होते. याउलट अवजड माल मागच्या आसाच्या मागे लादल्यास पुढचे चाक हलके पडून हँडलची आणि पुढच्या ब्रेकची पकड ढिली होते.

पुढच्या एकाच चाकाची स्प्रिंग गाडीचे बाजूला झुकणे रोखू शकत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे; ते काम मागच्या दोन स्प्रिंगांना करावे लागते. मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची ताठरता सारखी नसेल, किंवा एकच बदलली असेल, तर गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला कलते.

क्षमता कोठे वाढत नाही

कडक स्प्रिंग गाडी खाली बसू देत नाही, पण तिच्यामुळे सांगाडा, भुजांच्या बिजागऱ्या, चाकांचे बेअरिंग, टायर किंवा ब्रेक यांपैकी काहीही मजबूत होत नाही. उलट न दबणाऱ्या स्प्रिंगमधून खड्ड्याचा धक्का या सर्व भागांपर्यंत अधिक तीव्रतेने पोहोचतो. गाडी थांबवताना ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, ही गोष्ट कोणत्याही स्प्रिंगने बदलत नाही. कायद्याची भूमिकाही याला अनुसरून आहे: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

सुधारणा करायची असेल तर तिचा क्रम ठरलेला असावा. गाडी नेहमीच्या भारासह भुईकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांवरील वजन वेगवेगळे मोजावे. ते नोंदणी प्रमाणपत्रातील मर्यादेत बसत असेल, तर टायरमधील हवा, रबरी बुश आणि गळणारे शॉकअप आधी तपासावेत, कारण बसकी वाटणारी अनेक वाहने केवळ झिजलेल्या भागांमुळे तशी वाटतात. त्यानंतरही गरज उरल्यास निर्मात्याने त्या मॉडेलसाठी दिलेल्या जास्त भाराच्या स्प्रिंग व शॉकअप मागच्या दोन्ही बाजूंना जोडीने बसवाव्यात. वजन मर्यादेबाहेर जात असेल, तर स्प्रिंग बदलणे हा उपाय नव्हे. माल दोन फेऱ्यांत न्यावा किंवा त्या भारासाठी बनवलेले मोठे वाहन घ्यावे.