हौसेला मोल लागते तेव्हा

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या पुतणीच्या हौसेला गेल्या दोन वर्षांत मोल आले आणि पाठोपाठ एक भांडणही आले. ते भांडण घेऊन ती एका रविवारी सकाळी माझ्याकडे आली. चहा निवून गेला, तरी तिने कपाला हात लावला नाही.

ती सरकारी कचेरीत नोकरी करते. फोटो काढण्याचा नाद कॉलेजपासूनचा. नात्यातली बारशी, मुंजी, शेजारचे डोहाळजेवण यांचे फोटो ती हौसेने काढून देई. मग कुणी पेट्रोलचे म्हणून पाचशे रुपये हातावर ठेवले, कुणी पाकिटात दोन हजार घातले. पुढे पुढे ‘तुमचा रेट काय?’ अशी विचारणा होऊ लागली. ओळखीतल्या एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे तिने १२,००० रुपये घेतले. ओवाळताना निरांजनांचा उजेड आजींच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पडला, तो क्षण तिने नेमका टिपला. हा फोटो प्रदर्शनाला पाठवते, असे तिने कळवले, तर आजींचा मुलगा म्हणाला, “आम्ही पैसे मोजलेत. फोटो आमचे आहेत.”

“काका, बटण मी दाबलं, उजेड मी पाहिला, मग फोटो त्यांचा कसा?” तिचा सवाल.

दुर्दैवाने आजींच्या मुलाचेच बरोबर होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, आणि एरवी पहिला मालकही तोच. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिली मालकी काम देणाऱ्याकडे जाते. फोटो फुकट काढून दिला असता, तर तो तिचाच राहिला असता. १२,००० रुपये जमेच्या बाजूला पडले, तेव्हाच खर्चाच्या बाजूला हक्क पडला. फक्त ती नोंद तिने पाहिली नव्हती. कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क मात्र तिच्याकडे उरतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. काम स्वीकारतानाच एका कागदावर लिहून घ्यायचे: फोटोंचा हक्क छायाचित्रकाराचा, घरच्यांना ते हवे तसे वापरण्याची मुभा, आणि प्रदर्शनात वा जाहिरातीत फोटो लावायचा तर घरच्यांची संमती. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आहे. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर माझे मत उलटे झाले आहे. मी पाहिलेली बहुतेक भांडणे ओळखीच्या माणसांमधली होती, आणि ती लिहून न ठेवल्यामुळेच झाली होती.

बोलता बोलता मी सहज विचारले, “पैसे कोणत्या खात्यात घेतेस?”

ती जरा घुटमळली. “नवऱ्याच्या. मी सरकारी नोकर ना!”

आता माझा चहा निवायची वेळ आली. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांनुसार पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याला व्यापार-व्यवसाय करता येत नाही. खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रातही असे कलम बहुधा असते, पण ते कुणी वाचत नाही. मी बँकेत असताना पहिली कादंबरी छापायची ठरली, तेव्हा आधी वरिष्ठांकडे अर्ज दिला होता. मित्र हसले. पण पुढे मानधनाचा चेक आला, तेव्हा तो मला ताठ मानेने खात्यात भरता आला. नवऱ्याच्या खात्यात पैसे टाकून नोकरीचा प्रश्न सुटत नाही आणि कराचाही सुटत नाही. श्रम जिचे, उत्पन्न तिचे. खाते कोणाचे, याने त्यात फरक पडत नाही.

“पण काही जण आहेर म्हणून देतात,” तिचा शेवटचा बचाव. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटींवर आयकर नसतो, हे खरे. पण कामाबद्दल मिळालेले पैसे पाकिटात घातले आणि वर एक रुपयाचे नाणे चिकटवले, तरी तो आहेर होत नाही. ती मजुरीच.

हे उत्पन्न पगारात मिळवायचे आणि एकूण बेरजेवर कर मोजायचा. ‘हौसेचे उत्पन्न’ अशी सवलत कायद्यात नाही. व्यवसायाचे उत्पन्न आले, की केवळ पगारदारांसाठी असलेला सोपा विवरणपत्राचा फॉर्म चालत नाही. मात्र जमाखर्चाला खर्चाचीही बाजू असते. प्रवास, अल्बमची छपाई, मदतनिसाची मजुरी वजा करता येते. कॅमेऱ्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. वर्षातून १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. हिशेबाची कटकट नको असेल, तर लहान व्यावसायिकांना अंदाजे नफा धरण्याची सोय आहे: उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के. डॉक्टर, वकील वगैरे ठरावीक पेशांसाठी ही सोय निराळी, ५० टक्क्यांची आहे. त्या यादीत छायाचित्रकाराचे नाव नाही. तरी आपले काम कुठे बसते, हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घ्यायची, असे ठरले. त्यामुळे जुन्या कलमांचे आकडे पाठ असणाऱ्यांनीही ते पुन्हा तपासावेत.

जीएसटीची भीती तिला उगाच होती. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी झाली, की फोटोग्राफीवर दर १८ टक्के. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून पैसे घेता येत नाहीत. ‘बिल भारदस्त दिसावे’ म्हणून काही जण तेही करतात!

व्यवसाय कराचेही तिला ओझे नाही. एका माणसाकडून राज्याने वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेऊ नये, अशी मर्यादा राज्यघटनेतच आहे, आणि तिचा तो पगारातून कापला जातो. नोकरी सोडून पूर्ण वेळ या कामात उतरणाऱ्याने मात्र स्वतःची नोंद करून घ्यावी. धंदा नियमित सुरू झाला, की बचत खात्याऐवजी चालू खाते उघडावे. त्यासाठी लागणाऱ्या कागदांत उद्यम नोंदणीचा दाखला उपयोगी पडतो. सरकारच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

पैसे घेतल्याने नियम बदलतो, याचे आणखी एक उदाहरण म्हणजे ड्रोन. २०२१ च्या नियमांनुसार पाव किलोहून जास्त आणि दोन किलोपर्यंत वजनाचा ड्रोन हौसेसाठी उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन लग्नाच्या सुपारीवर उडवला, की लागते.

हे सगळे ऐकून ती गप्प झाली. “म्हणजे हौस हौसच ठेवायची होती का, काका?”

मी म्हटले, नाही. ज्या कामाचे पैसे घ्यायची आपल्याला लाज वाटत नाही, त्याचा हिशेब ठेवायचीही वाटू नये, एवढेच.

तिने कचेरीत परवानगीचा अर्ज दिला आणि ती मिळेपर्यंत नवी कामे थांबवली. मग आजींच्या घरी गेली. वाद घालायला नव्हे, लेखी परवानगी मागायला. मुलगा का कू करत होता. आजींनी चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, “अरे, सही कर. एवढी चांगली मी पुन्हा कधी दिसणार?”

परवानगी घेऊन ती पेढे द्यायला आली, तेव्हा माझ्या टेबलावर माझीच एक कादंबरी पडली होती. तिने ती उलटी केली. मलपृष्ठावरचा माझा फोटो तिनेच काढलेला, पाच-सहा वर्षांपूर्वी, फुकट.

“काका, म्हणजे हा फोटो माझ्या मालकीचा ना? छापताना मला कुणी विचारलं होतं?”

कुणीच विचारले नव्हते. मी सुद्धा नाही.

“बिल पाठवू?”

“पाठव,” मी म्हटले, “पण परवानगी हातात आल्यावर. आणि त्यावर अनुक्रमांक घाल.”