बांगड्याएवढं आमिष, माणसाएवढा मासा

ओमानच्या दक्षिणेला, धोफार प्रांतात, शुवैमिया नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मागे चुनखडीचे उभे कडे, पुढे पांढरी वाळू आणि त्यापलीकडे आपलाच अरबी समुद्र. नोव्हेंबरातल्या पहाटे होड्या निघण्याआधी बाहेरून आलेले अँगलर तिथे आपापल्या पेट्या उघडून बसतात, आणि पहिला वाद सुरू होतो तो आमिषाच्या आकारावरून. एकाच्या हातात वीतभर लांबीचा, दीडशे ग्रॅमचा लाकडी पॉपर असतो. दुसरा करंगळीपेक्षा थोडा मोठा, चकचकीत धातूचा जिग दोरीला बांधत असतो. समुद्र एकच, होडी एकच आणि मासाही एकच, जायंट ट्रेव्हली. जगभरातले अँगलर त्याला नुसतं ‘जीटी’ म्हणतात. कोकणात ज्या कुळातल्या माशांना ‘कोकर’ म्हणतात, त्या कुळातला हा एक थोराड मासा.

या माशाचा जागतिक विक्रम ७२.८० किलोंचा आहे. जपानच्या तोकारा बेटांजवळ मे २००६ मध्ये केइकी हामासाकी यांनी तो मासा गळाला लावला. ओमानमध्ये तीस-चाळीस किलोंचे जीटी मिळतात, आणि तेवढ्यासाठी जपान, फ्रान्स, दक्षिण आफ्रिकेपासूनची माणसं इथवर येतात. मुंबईहून मस्कत विमानाने तीन तासांच्या आत येतं. तरीही आपल्याकडच्या गरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या किनाऱ्याची माहिती आहे.

मोठं आमिष म्हणजे काय, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. जपानी बनावटीचा एखादा स्टिकबेट घ्या. लांबी २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे बाजारातला चांगला भरलेला बांगडा. अंग लाकडाचं, वर रंगाचे आणि लाखेसारख्या चमकदार लेपाचे थर, बाजूला खवल्यांची नक्षी, ठळक काळा डोळा. नाकापासून शेपटीपर्यंत आतून स्टेनलेस स्टीलची एकच सलग तार गेलेली असते, आणि दोन्ही गळ त्या तारेलाच जोडलेले असतात. त्यामुळे लाकडाचे दोन तुकडे झाले तरी मासा सुटत नाही. पॉपरचं तोंड मात्र वाटीसारखं खोलगट असतं. दोरीला हिसका दिला की ते पाणी पुढे ढकलतं, ‘ढब्’ असा आवाज होतो आणि मागे बुडबुड्यांची शेपटी उमटते. पृष्ठभागावर एखादा मोठा मासा धडपडतोय, असं खालून दिसतं आणि ऐकूही येतं.

अशी आमिषं फेकायला साधी काठी चालत नाही. आठ फुटांच्या आसपासची जाड काठी, हाताच्या पंजात न मावणारं रीळ, शंभर पौंड ताकदीची विणलेली दोरी, आणि पुढे कातळाला घासून तुटू नये म्हणून दीड-दोनशे पौंडांचा जाड नायलॉन. आपल्याकडे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ. हलत्या होडीत उभं राहून दिवसाला शंभर-दोनशे वेळा हे फेकायचं आणि हिसके देत ओढायचं, म्हणजे खांदे आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. एवढे कष्ट करूनही दिवसात दोन-तीनदाच मासा झेप घेईल, कधी एकदाही नाही. मग माणसं ते का पत्करतात?

त्याचं उत्तर माशाच्या पोटात आहे. जीटीसारखा शिकारी मासा भक्ष्य चावून खात नाही, अख्खं गिळतो. जेवढं तोंड मोठं, तेवढा घास मोठा घेता येतो. स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मासळीही कित्येक शिकारी मासे सहज गिळतात. तीस किलोंच्या जीटीला एकट्यादुकट्या चिमुकल्या माशामागे धावणं परवडत नाही, धावण्यात खर्च झालेली ताकदही भरून निघत नाही. लहान कुपा, टोळ किंवा माकुल दिसला तर मात्र ती एक झेप कामी येते. सेशेल्समधल्या फार्क्वार प्रवाळबेटावर हेच जीटी पाण्यावरून उडणारे समुद्रपक्षी उसळी मारून पकडतात. ‘ब्लू प्लॅनेट २’ या २०१७ सालच्या माहितीपटाने ते दृश्य जगाला दाखवलं. ज्याला पक्षी गिळता येतो, त्याला बांगड्याएवढ्या लाकडाची काय भीती!

मोठ्या आमिषाचा दुसरा उपयोग चाळणीचा. लहान जिगवर काहीही लागतं. छोटे कोकर, दागोळ, हेकरू, बुगडी असे मासे एकामागून एक येत राहतात, दोरी सोडवण्यात वेळ जातो, आणि थोरला मासा खाली फिरत राहतो. वीतभर आमिष आलं की हे लहान मासे बाजूला होतात. मासे कमी लागतात, पण जे लागतात ते मोठे.

हा हिशेब बारकाईने मांडला गेला तो गोड्या पाण्यात, अमेरिकेतल्या बास माशासाठी. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या तलावांत १९५९ साली फ्लोरिडाच्या जातीचे बास सोडले गेले. त्याच राज्यातल्या अनेक तलावांत, हौशी लोकांना पकडायला मिळावेत म्हणून, हॅचरीतले रेनबो ट्राउट थंडीच्या दिवसांत गाड्या भरभरून सोडतात. बास माशांना जणू घरपोच मेजवानी मिळाली. ते अवाढव्य वाढले आणि आठ-दहा इंची ट्राउटलाच चटावले. पूर्वापार चालत आलेले रबरी किडे, चमचे, बोटभर मिनो यांच्याकडे हे थोरले मासे ढुंकूनही बघेनात. मग अ‍ॅलन कोल यांनी ट्राउटच्याच रंगाचा, लाकडाचा जोड-अंगाचा ‘ए.सी. प्लग’ बनवला, आणि मोठ्या स्विमबेटचं, म्हणजे खऱ्या माशासारखं पोहणाऱ्या आमिषाचं, युग सुरू झालं. नंतर मऊ रबराचे, शेपूट हलवत पोहणारे हुबेहूब ट्राउट आले.

तिथल्या जाणकारांचा ठोकताळा साधा आहे. तलावात मोठं भक्ष्य असेल, हंगाम थंडीचा किंवा विणीच्या आधीचा असेल, वारा पाण्यावर सुरकुत्या पाडत असेल आणि दिवसभरात एकाच माशावर समाधान मानायची तयारी असेल, तर स्विमबेट. पाणी तापलं, मासे सुस्तावले, किंवा चिमुकल्या मासोळ्यांचे थवे फिरू लागले, की पुन्हा लहान आमिष.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बासचे दोन सर्वांत मोठे नोंदलेले मासे राक्षसी स्विमबेटवर आलेले नाहीत. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा मासा त्या काळच्या साध्या लाकडी आमिषाला लागला. त्याची बरोबरी करणारा मासा मानाबू कुरिता यांना २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मिळाला, तो जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषावर. मोठ्या आमिषाने मोठ्या माशाची शक्यता वाढते. हमी कोणीच देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून आमिष विकत घेऊ नये.

ओमानकडे परत येऊ. इथला समुद्र वर्षातून दोन वेगवेगळे स्वभाव दाखवतो. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य वारा जून ते सप्टेंबर धोफारच्या किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. उष्ण कटिबंधात असूनही किनाऱ्यालगतचं तापमान २० अंशांच्या खाली उतरतं. मिरबात ते हासिकच्या पट्ट्यात एरवी थंड देशांत दिसणारं केल्प नावाचं मोठं सागरी शेवाळ उगवतं. सलालाचे डोंगर धुक्यात हिरवे होतात. या ऋतूला तिथे खरीफ म्हणतात, आणि शब्द ऐकून मराठी शेतकऱ्याला परकं वाटायचं कारण नाही. त्या महिन्यांत समुद्र इतका खवळलेला असतो की होड्या बाहेर पडत नाहीत. पण त्या गार पाण्याने जे पोसलं जातं, त्यावर पुढचं सगळं वर्ष चालतं.

त्यात पहिला मान तारलीचा. खरीफ सरल्यावर धोफारच्या किनाऱ्यावर तारलीचे प्रचंड थवे येतात. स्थानिक कोळी त्या जाळ्याने ओढून वाळूवर पसरतात, आणि त्या सुकल्यावर उंटांना आणि गुरांना चारा म्हणून घालतात. मैलभर वाळू चंदेरी दिसते आणि वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. कोकणातल्या सुकटाच्या खळ्यावर वाढलेल्या माणसाला त्या वासात घर सापडेल.

हीच तारली मोठ्या आमिषाचा पराभव करते. थवा दाट असला की जीटीला निवड करावी लागत नाही. तोंड उघडून घुसायचं आणि मिळेल ते गिळायचं. त्याची नजर एका आकारावर, एका चकाकीवर बसते. अशा वेळी त्या गर्दीत दीडशे ग्रॅमचा पॉपर आपटला, तर थवा फुटतो आणि मासा बुजतो. पाणी उकळल्यासारखं दिसतंय, पक्षी तुटून पडताहेत आणि आपल्या आमिषाला कोणी विचारत नाही, ही अवस्था तिथे गेलेल्या अनेकांनी अनुभवली आहे. तिथे बारा-पंधरा सेंटिमीटरचा सडपातळ स्टिकबेट किंवा साधा धातूचा जिग कामी येतो. हट्टाने मोठंच फेकत राहणारा अँगलर त्या दिवशी रिकामा परततो आणि त्याला दोष देण्यासारखं दुसरं काही नसतं.

मोठ्याची वेळ येते ती हल्लानियात बेटांकडे. किनाऱ्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरची ही पाच बेटं जुन्या नकाशांत कुरिया-मुरिया म्हणून दिसतात. १८५४ साली ओमानच्या सुलतानाने ती राणी व्हिक्टोरियाला भेट दिली आणि १९६७ मध्ये ती ओमानला परत मिळाली. आज वस्ती फक्त एका बेटावर आहे. बेटांभोवती खडकांची टोकं पाण्याबाहेर डोकावतात, लाटा फुटून पांढरा फेस होतो आणि प्रवाह जोरात वाहतो. त्या फेसात लहान आमिष दिसतही नाही, ऐकूही येत नाही. जीटी खडकाच्या आडोशाला दबा धरून असतो आणि भरकटलेल्या एकट्या माशाची वाट बघतो. इथे पॉपरच हवा, जितका मोठा आवाज तितका बरा. सकाळी वारा पडला, पाणी काचेसारखं झालं की तोच आवाज त्याला संशयास्पद वाटतो. मग पॉपर काढून आवाज न करता डुबक्या घेत, नागमोडी पोहणारा स्टिकबेट लावायचा. दोन अँगलर असतील तर एकाने पॉपरने मासा वर बोलवायचा आणि दुसऱ्याने त्याच्या मागोमाग स्टिकबेट टाकायचा, ही जोडगोळी अनुभवी होडीवाले मुद्दाम लावतात. मोठ्या आमिषाचं निम्मं काम शोधण्याचं असतं. मासा पाठलाग करून येतो, शेवटच्या क्षणी वळतो, पण आपण कुठे आहोत ते सांगून जातो.

ओमानी कोळ्यांना हे शास्त्र नव्याने शिकावं लागलेलं नाही. त्यांची पिढीजात हातदोरी, जिला आखातात ‘हदाक’ म्हणतात, याच तत्त्वावर चालते. मासा आत्ता काय खातोय ते बघा आणि तेच द्या. कुप्याला तिकडे ‘गेदर’च्या जवळचा शब्द आहे आणि आपल्याकडे कोळीवाड्यांत ‘गेदर’च म्हणतात. या समुद्राच्या दोन्ही काठांनी शतकानुशतकं मासळीबरोबर शब्दही वाटून घेतले, असं मानायला हरकत नाही. सुरमईच्या बाबतीत तर ओमानने जपणुकीचा नियमही घालून दिला आहे. दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात ती पकडायला आणि विकायला बंदी असते. मस्कतच्या मत्रा मासळी बाजारात जाणाऱ्या मराठी गृहिणींना या तारखा पाठ असतात.

जीटीची गोष्ट वेगळी. हवाईतल्या अभ्यासानुसार हा मासा साधारण ६० सेंटिमीटरचा, तीन-चार वर्षांचा झाल्यावर विणीला येतो. तीस-चाळीस किलोंचा मासा म्हणजे कित्येक हंगाम अंडी किंवा वीर्य सोडणारा, पुढच्या पिढीचा आधार. मोठ्या आमिषाने आपण नेमका हाच मासा निवडून काढतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी. ओमानात जाणारे बहुतेक अँगलर जीटी सोडून देतात, पण दमून मेलेला मासा सोडण्यात अर्थ नाही. तीन टोकांच्या गळाऐवजी काटा दाबलेला एकेरी गळ लावला तर तोंड फाटत नाही आणि सोडवायला काही सेकंद पुरतात. दोरी जाड हवी ती याचसाठी, झुंज लांबू नये म्हणून. कल्ल्यांत बोटं घालून, उभा टांगून फोटो काढण्याची पद्धत थांबवायलाच हवी. एवढ्या वजनाच्या माशाच्या आतड्यांना आणि मणक्याला ते सोसत नाही.

तेव्हा येत्या हंगामात मालवण, अलिबाग किंवा मुंबईहून कोणी तिकडे निघालं, तर पेटीत मोठा पॉपर, स्टिकबेट आणि लहान जिग, तिन्ही ठेवा. होडीवर चढल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही फेकू नका. पक्षी कुठे घिरट्या घालताहेत, पाण्यावर तारली उडतेय की टोळ, लाट फुटतेय की पाणी निवळ आहे, एवढं बघा आणि मगच दोरीला गाठ मारा. मासा लागला तर हात ओले करून त्याला आडवा धरा, एकच फोटो काढा, आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून शेपूट मारेपर्यंत त्याला पाण्यात धरून ठेवा.